‘कडुनिंबच आहे, काही होत नाही’



आजची नोंद शेतातली नाही, बाल्कनीतली आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. जी चूक माझ्या ताईच्या एक लिटरच्या बाटलीत झाली, तीच आपण पंधरा लिटरच्या पंपात करतो. फक्त तिथं दोष हवामानाला नाहीतर दुकानदाराला देऊन मोकळे होतो.

एप्रिलमध्ये नाशिकला ताईकडे गेलो होतो. तिच्या बाल्कनीत अकरा कुंड्या. पहिल्याच कुंडीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसलेला, कापूस चिकटवल्यासारखा. मी म्हणालो, "घरात रासायनिक कशाला आणतेस? घाण्यावरचं निंबोळी तेल पाठवून देतो."

ती म्हणाली, "झाडं जळणार नाहीत ना रे? त्यात आईचा मोगरा आहे."

आई गेल्यावर जुनं घर पाडलं, तेव्हा अंगणातलं मोगऱ्याचं मूळ झाड गेलं. ताईनं नेलेलं एक कलम तेवढं राहिलंय. मला हे माहीत होतं. तरी मी छातीठोक सांगितलं, "ताई, कडुनिंबच आहे, काही होत नाही."

तिनं एक लिटरच्या फवारणीच्या बाटलीत दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 मिली तेल घातलं. भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. पाणी सोसायटीच्या बोअरचं. एकदा बाटली हलवली आणि दुपारी तीनला, पोरं झोपली म्हणून, डाव्या हातापासून सुरुवात करून अकराही कुंड्या भिजवल्या.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. पहिल्या आठ कुंड्या जशाच्या तशा. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूणसुद्धा जसाच्या तसा! शेवटच्या तीन कुंड्या मात्र करपलेल्या: फर्न, अबोली आणि मोगरा. फर्नची पानं तर चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. खाली एकच ओळ, "काही होत नाही म्हणाला होतास." पुढे तीन आठवड्यांनी मधल्या कुंडीतल्या मनीप्लांटची पानंही पिवळी पडून गळायला लागली. त्यावर एकही चट्टा नव्हता.

म्हणजे कोडी तीन. एकाच बाटलीतलं औषध पहिल्या कुंडीत किडीला लागलं नाही आणि शेवटच्या कुंडीत झाड का जाळून गेलं? मनीप्लांटला महिनाभरानं काय झालं? आणि ‘काही होत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मला वाटायचं, आपल्या वाडवडिलांचं औषध आहे, शेकडो वर्षं वापरलेलं. पण जरा आठवून बघा. माझे आजोबा कडुनिंबाचा पाला धान्याच्या कणगीत घालायचे. पेंड शेतात टाकायचे. तेल बैलाच्या जखमेवर लावायचे. गुढीपाडव्याला पाला खायला लावायचे, तो वेगळाच. पण निंबोळीचं तेल पाण्यात मिसळून हिरव्या पानावर फवारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांच्याकडे फवारापंपच नव्हता. तेल पाण्यात मिसळून पानावर मारायचं, ही गोष्ट पंप आणि साबण हाताशी आल्यानंतरची आहे. तिचा इतिहास आपल्या अंगणातून सुरू होत नाही. तो सुरू होतो अमेरिकेतल्या संत्र्याच्या बागांतून, आणि तेल तिथं निंबोळीचं नव्हतं, रॉकेल होतं.

1870 च्या दशकात अमेरिकेत रॉकेल स्वस्त झालं आणि घरोघरी पोहोचलं. फळबागांत खवले किडीनं उच्छाद मांडला होता. ही कीड पाठीवर कवच घेऊन फांदीला चिकटून बसते. पोटात जाणारं विष तिच्यावर चालत नाही, कारण ती पान कुरतडत नाही, सोंड खुपसून रस ओढते. मग तिला मारायचं कसं? तिच्या अंगावर श्वास घ्यायची बारीक भोकं असतात. ती बुजवली की गुदमरून मरते. तेल हेच करतं. लोकांनी नुसतं रॉकेल मारून पाहिलं. कीड मेली, पण पुष्कळदा झाडंही तिच्या मागोमाग गेली.

कारण साधं आहे. पानालाही श्वास घ्यायची भोकं असतात, आपण त्यांना पर्णरंध्रं म्हणतो. तेलाला किडीचं भोक कुठलं आणि पानाचं कुठलं हे कळत नाही. त्यामुळे फवारणीच्या तेलाचा पुढचा सगळा इतिहास किडीपेक्षा झाडाचाच जास्त आहे. कीड मारणं पहिल्या दिवशीच जमलं होतं. झाड वाचवणं शिकायला लोकांना पुढची पन्नास-साठ वर्षं लागली.

त्यातला पहिला धडा हेन्री हबर्ड या कीटकशास्त्रज्ञाचा. अमेरिकेच्या कृषी विभागासाठी तो फ्लोरिडात संत्र्यावरच्या किडींचा अभ्यास करत होता. 1885 साली त्याचा अहवाल पुस्तकरूपानं आला. हबर्ड आणि त्याचा वरिष्ठ चार्ल्स रायली यांच्या नावानं जी कृती प्रसिद्ध झाली ती अशी: रॉकेल 2 गॅलन, साबण अर्धा पौंड, पाणी 1 गॅलन. आपल्या मापात साडेसात लिटर रॉकेल, सव्वादोनशे ग्रॅम साबण आणि पावणेचार लिटर पाणी. साबण उकळत्या पाण्यात विरघळवायचा, चुलीपासून लांब नेऊन त्यात रॉकेल ओतायचं आणि तेच मिश्रण पंपानं ओढून पुन्हा त्याच भांड्यात सोडत पाच-दहा मिनिटं घुसळायचं. लोण्यासारखं दाट झालं की इमल्शन जमलं. मग एका भागाला नऊ भाग पाणी घालून फवारायचं.

हे घुसळणं कशासाठी? तेलाचे थेंब इतके बारीक करायचे आणि प्रत्येक थेंबाभोवती साबणाचा असा पडदा चढवायचा की ते पुन्हा एक होऊन वर तरंगू नयेत. आणि त्या काळापासूनच एक इशारा सोबत असायचा, की पाणी मऊ घ्या. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चोथा करतं. पडदा फाटतो, तेल सुटं होतं आणि वर येतं. सुटं तेल पानावर पडलं की पान गेलंच.

इथं मला ताईची बाटली दिसली. बोअरचं जड पाणी, साबणाचे चार थेंब आणि एकदा हलवणं. मिश्रण जमलंच नव्हतं. दोन मिनिटांत तेल वर आलं असणार. आणि फवारणीच्या बाटलीची नळी तळातून ओढते! म्हणजे पहिल्या आठ कुंड्यांना जवळपास नुसतं पाणी गेलं, म्हणून जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण मजेत राहिला. बाटली संपत आली तेव्हा वरचा तेलाचा थर नळीपर्यंत पोहोचला. समजा सगळंच्या सगळं 30 मिली शेवटच्या 100 मिलीत आलं, तर शेवटच्या तीन कुंड्यांवर 30 टक्के तेल पडलं. हबर्डच्या रॉकेलचं प्रमाणसुद्धा पातळ केल्यावर सातच्या आत होतं.

आता आपला पंप घ्या. लिटरला 5 मिलीप्रमाणे पंधरा लिटरला 75 मिली. मिश्रण फुटलं आणि सगळं तेल शेवटच्या लिटरात उतरलं, तर त्या लिटरात साडेसात टक्के. शेवटच्या ओळीतली टोकाची झाडं करपली की आपण म्हणतो, ‘कडेला ऊन जास्त लागतं.’

दुसरा धडा कॅलिफोर्नियाचा. तिथल्या सॅन होजे गावाजवळ 1870 च्या दशकात एक खवले कीड सापडली. 1881 साली कॉमस्टॉक या शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं आणि नाव देतानाच तिला ‘घातक’ म्हटलं. थंड मुलखात सफरचंद, नाशपातीची झाडं हिवाळ्यात पानं गाळून निजतात. त्या वेळी पान नाही, कोंब नाही, फक्त साल. अशा निजलेल्या झाडावर जड तेल मारलं तरी ते सोसतं. ही विश्रांतीच्या काळातली फवारणी चांगली रुळली. पण संत्र्याचं झाड निजत नाही, त्याला बाराही महिने पान असतं. तेच तेल संत्र्यावर गेलं की पानगळ, फळगळ आणि सालीवर डाग.

डब्ल्यू. एच. व्होल्क या संशोधकानं यावर काम केलं. त्याची पत्रिका कॅलिफोर्नियाच्या कृषी प्रयोग केंद्रानं 1903 साली काढली. वरून कोरडं दिसणारं तेल पानाच्या आत मुरतं आणि नुकसान तिथून होतं, ही गोष्ट तेव्हापासून चर्चेत आली.

घरातल्या कुंड्यांचं असंच आहे. त्या कधीच निजत नाहीत. उलट त्यांचं पान शेतातल्या पानापेक्षा कोवळं असतं. सावलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो. घरात वारा कमी, म्हणून ओल आणि तेल पानावर जास्त वेळ राहतं. कुंडीतली माती एका दिवसात सुकते, त्यामुळे झाड बऱ्याचदा आधीच तहानलेलं असतं. शेतातल्या वांग्यानं सोसलं म्हणून बाल्कनीतला फर्न सोसेल हा हिशेब तिथंच चुकतो. फर्न, केसाळ पानांची झाडं आणि कोवळी फूट तेलाला आधी बळी पडतात.

तिसरा धडा सगळ्यात महत्त्वाचा. 1926 साली ग्रे आणि डी ओंग या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या खनिज तेलांवरचं काम प्रसिद्ध केलं. इजेचे दोन प्रकार वेगळे ओळखायचे असतात, ही समज त्या काळातल्या कामातून पक्की झाली. एक इजा लगेच दिसते: चट्टे, करप, कडा जळणं. ती तेलातल्या चटकन रासायनिक क्रिया करणाऱ्या घटकांमुळे होते. दुसरी हळू येते. पान जळत नाही, पण आठवड्यांनी पिवळं पडतं, गळतं, बहार कमी येतो. ती जड, लवकर न उडणाऱ्या तेलामुळे होते. ते पानावर बसून राहतं आणि पानाचं काम मंदावतं.

ताईचा मनीप्लांट हा दुसरा प्रकार. तीन आठवड्यांनी पानं पिवळी पडली तेव्हा तिनं पाणी कमी-जास्त करून पाहिलं, खत घातलं. फवारणी तिच्या डोक्यातूनच गेली होती. आपणही असंच करतो. हळू येणारी इजा फवारणीच्या खात्यात कुणी मांडत नाही.

त्या संशोधनातून एक माप हाती आलं. तेलाला तीव्र सल्फ्युरिक आम्लानं धुवायचं. जो भाग आम्लाशी क्रिया करतो तो पानालाही जाळतो. जो भाग क्रिया न करता शिल्लक राहतो तो पानाला सोसतो. हा शिल्लक भाग जितका जास्त तितकं तेल सुरक्षित. आज चांगल्या फवारणी तेलात तो 92 टक्क्यांच्या वर असतो. 1920 च्या दशकात व्होल्कच्याच नावानं असं शुद्ध पांढरं तेल बाजारात आलं. 1940 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा केंद्रावर चॅपमन आणि त्याच्या साथीदारांनी तेलाची घट्टता आणि उकळणबिंदूही बांधून दिले. रॉकेलच्या डब्यापासून इथवर यायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला, तेव्हा कुठं हिरव्या पानावर तेल मारायचा भरवसा आला.

आपल्याकडे ही विद्या लवकरच आली. बिहारमधल्या पुसा इथं सरकारी कीटकशास्त्रज्ञ असलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉयचं भारतीय पिकांवरच्या किडींचं पुस्तक 1906 साली निघालं. त्याच्या काळात रॉकेलचं आणि क्रूड तेलाचं इमल्शन हे रस शोषणाऱ्या किडींवरचं ठरलेलं औषध होतं. पुढे डीडीटी आणि त्याची भावंडं आली, तेलं मागे पडली आणि तेलासोबत शिकलेली सावधगिरीही मागे पडली.

मग कडुनिंबाची पाळी आली. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली. सगळं हिरवं खाऊन गेली, पण कडुनिंबाची झाडं उभी राहिली. टोळ त्यावर बसायचे आणि न खाता उडायचे. श्मुटेरर या जर्मन शास्त्रज्ञानं ते पाहिलं आणि पुढचं आयुष्य या झाडाच्या अभ्यासाला दिलं. दिल्लीत 1962 साली डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराची 0.1 टक्के पाण्यातली फवारणी पिकांवर केली. टोळ उतरले, पण खाल्लं नाही. 1968 साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यामागचा मुख्य घटक वेगळा काढला, ॲझाडिरॅक्टिन. यानं कीड खायचं सोडते, तिची कात नीट पडत नाही.

इथं थांबून एक गोष्ट नीट बघा. प्रधानांनी फवारलं ते निंबोळीच्या गराचं पाणी. कीलमध्ये शोधलं ते एक रसायन. दोन्हींत ‘तेल’ हा मुद्दा नव्हताच. ॲझाडिरॅक्टिन किडीच्या पोटातून आणि संप्रेरकांतून काम करतं, तर तेल गुदमरवतं. घाण्याच्या तेलात दोन्ही असतात, पण ॲझाडिरॅक्टिन किती ते निंबोळीवर, साठवणीवर आणि काढायच्या पद्धतीवर ठरतं. बाजारात 300, 1500 आणि 10000 पीपीएम अशा बाटल्या मिळतात, तो आकडा ॲझाडिरॅक्टिनचा आहे. तेल किती, ते त्यावरून कळत नाही. परदेशात तर ॲझाडिरॅक्टिन काढून घेतल्यावर उरलेलं तेल बुरशी आणि कोळीसाठी वेगळं विकतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिनचा रॉबर्ट लार्सन नावाचा लाकूड व्यापारी भारतातून निंबोळी नेऊन त्यावर काम करत होता. त्याच्या ‘मार्गोसन-ओ’ या अर्काला तिथल्या पर्यावरण संस्थेनं 1985 साली परवानगी दिली, तीही फक्त खाण्याची पिकं सोडून. म्हणजे कडुनिंबाचं तिथलं पहिलं अधिकृत औषध शोभेच्या झाडांवर आणि हरितगृहांत गेलं. 1988 साली ते हक्क डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीनं घेतले. याच कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी विभागाला मिळून युरोपात 1994 साली कडुनिंबाच्या तेलानं झाडावरची बुरशी रोखण्याचं पेटंट मिळालं. त्यावरची लढाई आपल्याला ठाऊक आहे. 2000 साली पेटंट रद्द झालं आणि 2005 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. त्या खटल्यात पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष कामी आली. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात असे प्रयोग आधीच झाले होते, असं त्यात होतं.

आपण जिंकलो, आणि जिंकायलाच हवं होतं. पण मला वाटतं ‘काही होत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडी तिथूनच आलं. कडुनिंब आपला, तो चोरायला आले, तो आपण वाचवला. आपल्या माणसाचे दोष माणूस चारचौघांत काढत नाही, तसं झालं. रॉकेलच्या तेलाला लोकांनी पन्नास वर्षं पारखून घेतलं. निंबोळीच्या तेलाला आपण नुसता नमस्कार केला. माझ्या घाण्याच्या बाटलीवर ना पीपीएम होतं, ना इमल्सिफायर, ना तारीख. निंबोळी पावसात भिजलेली असेल, बुरशी लागलेली असेल, तर तेलात सुटी मेदाम्लं वाढतात, तेल खवट होतं. आणि काही मेदाम्लं पानाला इतकी जाळतात की नऊ कार्बनचं एक मेदाम्ल तणनाशक म्हणून विकलं जातं! लवंगेच्या तेलाचंही तणनाशक परदेशात सेंद्रिय शेतीसाठी मिळतं. दातदुखीवर आपण लावतो तीच लवंग. झाडापासून काढलं म्हणून झाडाला सोसेल असा काही नियम नाही.

द्राक्षवाल्यांना आणखी एक सांगायला नको. मण्यावरचा पांढुरका मेणचट थर तेलानं जातो आणि माल तेलकट दिसतो. अमेरिकेत निळसर स्प्रूस नावाचं शोभेचं झाड आहे, त्यावर तेल मारलं की निळाई जाऊन ते साधं हिरवं दिसतं, कारण ती निळाई मेणाचीच असते. घरातल्या जाड पानांच्या, पांढरी झाक असलेल्या झाडांचंही तसंच. तो थर नुसता शोभेचा नाही, झाडाचं पाणी धरून ठेवायचं झाकण आहे.

आणि गंधक. भुरीसाठी गंधक मारलंय आणि वरून तेल गेलं, की स्कॉर्चिंग ठरलेलं. दोन्हींत किमान दोन आठवडे जाऊ द्या. लेबल जास्त सांगत असेल तर तेवढे दिवस. कॅप्टन या बुरशीनाशकासोबतही तेल नको.

आता ताईला मी काय सांगितलं ते लिहितो, तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

पाच-दहा कुंड्या असतील तर आधी हात वापरा. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसून निघतो. फार लागलेला शेंडा कापून टाका.

फवारायचंच असेल तर घाण्याचं कच्चं तेल नको. इमल्सिफायर असलेली, पीपीएम आणि मुदत छापलेली बाटली घ्या आणि लेबलवरच्या मापानं घ्या. चमचा हे माप नाही. पाणी मऊ, म्हणजे पावसाचं किंवा गाळणयंत्राचं. आधी थोड्या कोमट पाण्यात तेल दुधासारखं होईपर्यंत घुसळा, मग बाकीचं पाणी घाला. काचेच्या ग्लासात दहा मिनिटं ठेवून बघा. वर तवंग आला तर ते पानावर नेऊ नका. फवारताना बाटली सतत हलवत राहा आणि तळाचं उरलेलं फेकून द्या. केलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवू नका.

झाडाला आदल्या दिवशी पाणी द्या. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारा. 32 अंशांच्या वर पारा असताना अजिबात नको. एप्रिलमधली नाशिकची दुपार म्हणजे तर तवाच. आधी एकाच झाडाच्या दोन-तीन पानांवर मारून तीन दिवस थांबा. हळू येणारी इजा तेवढ्यात दिसत नाही, म्हणून लागोपाठ फवारण्या टाळा.

शेतात मी स्वतः पाच टक्के निंबोळी अर्कावरच राहतो. 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात घालायचा आणि 100 लिटर पुरं करायचं. बरंचसं तेल चोथ्यात राहतं. तरी नव्या पिकावर आधी एका ओळीत मारून बघतोच.

आणि एक गोष्ट, जिच्याशी झाडांचा संबंध नाही. ही बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. 1981 साली मलेशियातल्या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तिथं घरगुती औषध म्हणून तान्ह्या बाळांना कडुनिंबाचं तेल पाजलं गेलं आणि उलट्या, गुंगी, झटके अशी गंभीर विषबाधा झाली. ‘आपलंच आहे, काही होत नाही’ असं तिथंही कुणीतरी म्हणालं असेल.

फर्न गेला, अबोली ताईनं नवी आणली. मोगरा मी जाऊन बुडापासून चार बोटं ठेवून छाटला, वरची तेलकट माती काढून नवी भरली. काही दिवस नुसता काळा खुंट दिसायचा. ताई काही बोलत नव्हती आणि मला तिच्या बाल्कनीत उभं राहवत नव्हतं. पाऊस लागल्यावर बुडातून दोन फुटवे आलेत. कळी अजून नाही. परवा मी म्हणालो, "जरा मावा दिसतोय गं त्यावर." ती म्हणाली, "तू हात लावू नकोस, मी बघते."

कुणाला निंबोळी तेलानं स्कॉर्चिंग आलं असेल तर खाली लिहा. पीक कोणतं, किती वाजता मारलं, पाणी कुठलं, तेल घाण्याचं की कंपनीचं आणि करपलेली झाडं पंपाच्या सुरुवातीची की शेवटची. शेवटची असतील तर मला खात्रीनं कळवा.